उंदरांच्या औषधाची कैफियत

नाशिकच्या पंचवटीत चाललेल्या व्याख्यानमालेत परवा एका विद्वान गृहस्थांनी असा निकाल देऊन टाकला की, पायाच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी झाली असता डॉक्टर मंडळी देतात ते वॉरफरिन म्हणजे निव्वळ उंदीर मारण्याचे औषध असून, लसूण, तेलाचे मर्दन आणि जळवा एवढ्यावर हा विकार निभावून नेता येतो. टाळ्या पुष्कळ पडल्या.

उंदरांचा हा मुद्दा सावकाशीने घेतला पाहिजे, कारण गृहस्थांची सारी भिस्त त्याच्यावर आहे. अमेरिकेत बुरसटलेला क्लोव्हर चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने दगावली, त्यातील द्रव्य विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत हाती लागले, आणि त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ साली उंदरांसाठी बाजारात येऊन १९५४ साली माणसांच्या औषधांत दाखल झाले, हे सारे खरे. १९५५ साली हृदयविकाराने आजारी पडलेल्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांना तेच देण्यात आले, ही नोंद मात्र व्याख्यात्यांच्या दप्तरी दिसत नाही. मोरचूद हेही विषच. पण निफाडचा बागाईतदार शंभर लिटर पाण्यात किलोभर मोरचूद आणि तितकाच चुना कालवून बोर्डो मिश्रण द्राक्षवेलींवर फवारतो, आणि त्या वेलींची द्राक्षे हे गृहस्थ, आमच्या माहितीप्रमाणे, आवडीने खातात. उंदराला मारते ती बेहिशेबी मात्रा, रुग्णाचा आय.एन.आर., म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा, वरचेवर तपासून दोन ते तीनच्या दरम्यान राखला जातो, आणि मेथी-पालक एकाएकी वाढल्यास तो उतरतो म्हणून ताटावरही नजर ठेवली जाते. देवीच्या टोचणीविरुद्धही वासराच्या लसीचे असेच कूळ काढले गेले होते; ती खोड अद्याप गेलेली नाही.

जळूच्या लाळेतील हिरुडिन रक्त गोठू देत नाही, म्हणजे गृहस्थ नकळत आमच्याच पक्षाची आरती ओवाळतात. फक्त त्या लाळेचा अंमल खोल शिरेपर्यंत पोचत नाही. लसणीला फोडणीत मान आहेच. मर्दनाने मात्र गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचे भय असते.

आमचे स्वतःचे म्हणणे थोडकेच आहे. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्टलच्या प्रयोगात, फुप्फुसात गुठळी गेलेल्या ज्या १९ रुग्णांना रक्त न गोठू देणारी औषधे दिली नव्हती त्यांपैकी ५ जण त्याच विकाराने दगावले, औषधे मिळालेल्या १६ जणांपैकी त्या कारणाने एकही नाही. ही औषधे गुठळी विरघळवीत नाहीत, वाढू देत नाहीत; विरघळवण्याचे काम शरीर करते, म्हणून निदान तीन महिन्यांची मुदत. रिव्हारोक्साबान, अपिक्साबान या नव्या गोळ्यांना आय.एन.आर.चा तगादा नाही. रक्तस्रावाचा धोका या सर्वच औषधांत आहे, आणि तो रुग्णाला आधी सांगितलाच पाहिजे. ज्याची एकच पोटरी सुजून गरम झाली असेल, त्याने तेलाची वाटी बाजूला ठेवून त्याच दिवशी पायाच्या शिरांची डॉपलर तपासणी करून घ्यावी. व्याख्यानमाला अजून आठवडाभर चालणार आहे.