बालजगत : अंकल स्क्रूजची काठी

मुलाने मोबाईलवर छोटा भीमचा खेळ मागितला, तर द्यावा की नाही, हा प्रश्न उधना, लिंबायत, डिंडोली येथील आपल्या मराठी घरांनाही पडतो. लाडू खाऊन बळ मिळविणारा ढोलकपूरचा हा बाळवीर 2008 साली दूरचित्रवाणीवर अवतरला. चेहरा ओळखीचा, म्हणून पालक निर्धास्त राहतात. परंतु खेळाची पारख पात्राच्या चेहऱ्यावरून होत नाही. ती त्याच्या घडणीवरून करावी.

चांगल्या घडणीचा नमुना म्हणजे 1989 सालचा 'डक टेल्स'. ही मालिका पुढे दूरदर्शनवर हिंदीतून पाहिलेले आजचे आईबाप तिला विसरले नसतील. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तिच्यावर उड्यांचा खेळ रचला. अशा खेळात पात्र एका टप्प्यावरून दुसऱ्यावर उडी घेत, खड्डे चुकवीत पुढे सरकते. येथे धनाढ्य अंकल स्क्रूज हातातील काठीवर टुणटुण उडत काट्यांवरून पार होतो. हिमालयातील मऊ बर्फात मात्र काठीसकट रुतून बसतो! ॲमेझॉनच्या अरण्यापासून चंद्रापर्यंत पाच ठिकाणे. आरंभ कोठून करावा, हे मुलानेच ठरवावयाचे. चुकले तर पुन्हा प्रयत्न, सरावाने हात बसणार. खेळाला शेवट होता, आणि एकदा विकत घेतल्यावर तो पुन्हा पैसे मागत नसे.

आज मोबाईलवरील पुष्कळ खेळ फुकट मिळतात आणि जाहिरातींवर व खेळातील नाण्यांच्या विक्रीवर पोट भरतात. धावण्याचे काही खेळ तर संपतच नाहीत. म्हणून मुलाच्या हाती देण्यापूर्वी आपण स्वतः दहा मिनिटे खेळून पाहावे. थांबण्याची जागा आहे काय? घडोघडी खरेदी सुचविली जाते काय? खरेदीला पासवर्ड लावावा. इंटरनेटवाचून खेळ चालत असेल, तर ते बंद ठेवावे.

आणखी एक गोष्ट. उड्यांच्या खेळाला भाषा फारशी लागत नाही. शाळेत गुजराती वा इंग्रजी आणि दूरचित्रवाणीवर हिंदी ऐकणाऱ्या मुलाजवळ बसून आपण "जपून", "आता मार उडी", "अरेरे, थोडक्यात हुकलं!" असे म्हणत गेलो, तर त्या खेळाची बोली मराठी होईल. कामावरून थकून आलेल्या आईबापांनाही एवढी पंधरा मिनिटे काढता येण्यासारखी आहेत.