मेणवलीच्या भिंती आणि आमचा गिलावा

गेल्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. "काका, गावच्या घराच्या भिंतींना खालून ओल आलीय. सगळं खरवडून सिमेंटचा गिलावा करून घेतो. एकदाच काय ते होऊन जाईल." मी लगेच हो म्हटलं नाही. मला मेणवली आठवली.

वाईजवळ कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा वाडा आहे. लोक जातात ते 'स्वदेस' सिनेमातला (२००४) घाट आणि वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा बघायला. मी मात्र भिंतींपाशी रेंगाळतो. (मास्तरकीची खोड!) सहा चौक, लाकडी खांब, जाडजूड भिंती. नाना १८०० साली गेले, म्हणजे वाडा सव्वादोनशे वर्षांहून जुना. असे वाडे चुन्यात बांधलेले. जमिनीतून चढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू हवेत निघून जाते. भिंत जराशी हलली तरी चुना सांभाळून घेतो. सिमेंट मात्र ओल आत कोंडतं. मग ती भिंतीतून आणखी वर चढते आणि तुळयांची टोकं कुजवते. वरून सगळं गुळगुळीत!

इंग्लंडच्या खेड्यांतली जुनी दगडी घरं आपण कॅलेंडरवर बघतो ना, तीही बरीचशी चुन्यातलीच. तिथे विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या इमारती वाचवायला संस्था काढली. जीर्णोद्धाराच्या नावाखाली लोक जुना गिलावा खरवडत, त्यालाच तिचा विरोध. म्हणून तिचं टोपणनावच पडलं, 'खरवडविरोधी'! पुतण्याच्या तोंडी नेमका तोच शब्द आला.

त्याचंही खोटं नाही. चुना मुरवायला वेळ लागतो, मजुरी जास्त आणि जाणता गवंडी सहजी मिळत नाही. खारघरच्या आमच्या इमारतीला सिमेंटच बरं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आजोबांच्या घराला ते सोसणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मी त्याला म्हटलं, आधी पन्हळ कुठे गळते ते बघ, मोरीचं पाणी भिंतीपासून लांब काढ. निम्मी ओल तिथेच थांबेल. राहिलेल्या कामाला जास्तीचा जो खर्च येईल, तो मी देतो.

तो दिवाळीपर्यंत थांबायला तयार झालाय. वाई-साताऱ्याकडे चुन्यात काम करणारा गवंडी कुणाच्या माहितीत असेल, तर कृपया कळवा. नातेवाइकांनी तर जरूरच कळवा, घर सगळ्यांचंच आहे.