एसीला पाच तारे, मिस्त्रीला किती?

प्रति,
महासंचालक,
ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी (बीईई),
नवी दिल्ली



मी अकोल्यात 24 वर्षं वायरिंगची आणि अलीकडे दहाएक वर्षं एसी बसवायची कामं करतो. राज्य सरकारचा वायरमनचा परवाना आहे. दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी लावलाय. आपल्याशी थेट संबंध कधी आला नाही. आपली ओळख ती लेबलवरच्या ताऱ्यांची. त्या ताऱ्यांबद्दलच बोलायचं आहे.

गेल्या मे महिन्यात ओळखीच्या एका काकूंचा फोन आला. "भाऊ, फाइव्ह स्टार घेतला, तरी बिल कूलरच्या चौपट येऊन राहिलं."

गेलो. तिसरा मजला, डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, लेबलवरचे पाचही तारे भरलेले. रिमोट 18 वर आणि काकू पदराने वारा घेतायत. त्या खिडकीत आधी कूलर होता. तो काढल्यावर राहिलेलं भगदाड थर्माकोल आणि खाकी टेपने बुजवलं होतं, त्याचा एक कोपरा सुटलेला. तिथे हात धरला तर आतली गार हवा बाहेर चाललेली. मग बाहेरचं युनिट पाहिलं. ते इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये, समोरच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर टांगलेलं. स्वतःच फेकलेली गरम हवा पुन्हा ओढत होतं. पाइपाचं तोंड पसरून (फ्लेअर करून) जोडतात त्या नटवर तेलाचा डाग होता. साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले. एसी घेऊन तीन वर्षं झाली होती आणि तिन्ही उन्हाळे 'गॅस टॉप-अप' झाला होता, दर वेळी वेगळ्या मुलाकडून. गळती कुठून होते ते शोधून फ्लेअर पुन्हा करावं, हे एकालाही सुचलं नव्हतं. महिन्याला 300 युनिट ओलांडले की महावितरणचा वरचा दर लागतो. काकूंचं बिल त्या रेषेच्या पलीकडे गेलं होतं आणि त्यांचा सगळा राग तुमच्या लेबलवर होता.

लेबल खोटं नव्हतं, साहेब. प्रयोगशाळेत ते यंत्र पाच ताऱ्यांचंच असणार. ते बसवलं कुणी, त्याला काय येत होतं, हे मात्र लेबलवर लिहिलेलं नसतं.

त्या मुलांना मी शिव्या घालणार नाही. एप्रिलमध्ये एकेक पोरगा दिवसाला पाच-सहा एसी लावतो आणि पैसे नगामागे मिळतात. नियमाने करायचं तर तांब्याच्या पाइपातली हवा आणि दमटपणा व्हॅक्युम पंपाने ओढून काढायचा, गेजचा काटा स्थिर राहतो का ते पाहत थांबायचं. त्यात अर्धा तास सहज जातो. पंप महाग, तो तिसऱ्या मजल्यावर चढवायचा कोणी? मग व्हॉल्व्ह किंचित उघडतात, थोडा गॅस सोडून हवा 'ढकलतात' आणि नट आवळून पुढच्या घरी. उरलेली हवा आत दाब वाढवते, ओल तेलात मिसळून आम्ल बनवते आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ धापा टाकतो. आज घरोघर येणारा आर-32 गॅस थोडासा ज्वलनशील आहे आणि वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या 675 पट भारी. तो असा फुकट सोडतात. गॅस किती भरायचा ते यंत्राच्या पट्टीवर किलो-ग्रॅममध्ये छापलेलं असतं, पण वजनकाटा किती जणांच्या पिशवीत असतो? पाइपाला हात लावून 'थंड झाला, बस' हेच आमचं माप.

मीही पाच-सहा वर्षं असंच केलं. उस्तादांनी शिकवलं तसं. व्हॅक्युम का मारतात हे मला एका कंपनीच्या प्रशिक्षणात कळलं, तेही सोबत आलेल्या दुसऱ्या मुलाने विचारलं म्हणून.

आता बीईईच्या कामाकडे येतो. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर आपण सिमेंट, पोलाद, औष्णिक वीज केंद्रं अशा मोठ्या ग्राहकांना ऊर्जा लेखापरीक्षण लावलंत. 2004 पासून ऊर्जा व्यवस्थापक आणि लेखापरीक्षकांची देशपातळीवर परीक्षा घेता. ती सोपी नाही, पास झालेल्यांना मान आहे. म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या पारसच्या केंद्रात वीज तयार होते तिथे परीक्षा दिलेला माणूस हिशेब तपासतो. तीच वीज तारेतून काकूंच्या खोलीत पोचते, तिथे ड्रिल मशीन हातात आहे तो सांगेल ती पूर्व. 2010 पासून एसीला लेबल सक्तीचं केलंत, 2020 पासून एसी चालू करताच 24 अंश दिसतील असं ठरवलंत, 2018 मध्ये घरांच्या इमारतींसाठी इको निवास संहिता आणलीत. संहिता नवी इमारत कागदावर असतानाची. उभ्या घरात जाऊन 'आधी खिडकीचं भगदाड बंद करा, गच्चीला पांढरा लेप द्या, मग दीडऐवजी एक टन पुरेल' असं सांगणारा माणूस कुणी तयार केलेला नाही. सांगितलं तर दुकानदार रागावतो, हेही खरं.

माझा वायरमनचा परवाना याला पुरत नाही. त्याची परीक्षा अर्थिंग, फ्यूज, शॉक, आग यांची. ती हवीच, एसीला बारीक वायर ओढून जॉइंट काळे पडलेले मी दर आठवड्याला पाहतो. पण युनिट वाया जाण्याबद्दल तिथे मला कुणी एक प्रश्न विचारला नाही.

रिकाम्या जागेत कोण शिरतं तेही पाहा. सॉकेटमध्ये खोचायचे 'पॉवर सेव्हर' डबे आमच्या बाजारात बिनधास्त विकतात. आत एक कपॅसिटर आणि हिरवा दिवा. घरचं बिल किलोवॉट-तासांवर लागतं, पॉवर फॅक्टरवर नाही; त्या डब्याने ते उतरत नाही. विकणाऱ्याच्या गळ्यात मात्र फोटोचं ओळखपत्र असतं. माझ्या गळ्यात नाही.

सरकारला हे सुचलं नव्हतं असंही नाही. मार्च 2019 च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात 2022-23 पर्यंत 1 लाख सर्व्हिस तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं लिहिलंय. आमच्या गल्लीत येणाऱ्या मुलाकडे ते कार्ड मी अजून पाहिलेलं नाही, आणि ते मागायचं असतं हे गिऱ्हाइकाला ठाऊक नाही. गिऱ्हाईक जे मागत नाही, ते बाजारात टिकत नाही.

प्रशिक्षणाशिवायची घाई काय करते याचं ऑस्ट्रेलियातलं उदाहरण माझ्या भाच्याने वाचून दाखवलं. फेब्रुवारी 2009 मध्ये तिथल्या सरकारने घरांच्या छतात उष्णतारोधक थर बसवायला अनुदान जाहीर केलं. मजुराला प्रशिक्षण हवं ही अट पुढे सैल झाली. देखरेख करणारा माहितगार असला की पुरे, असं ठरलं. रातोरात कंत्राटदार उगवले. छतात चमकी फॉइल धातूच्या पिनांनी ठोकताना पिना चालू वायरीत गेल्या. चार तरुण मजूर गेले, तिघे विजेच्या धक्क्याने आणि एक उष्णतेने. फेब्रुवारी 2010 मध्ये योजना बंद पडली आणि 2014 मध्ये रॉयल कमिशनचा अहवाल आला. आपल्याकडे फेब्रुवारी 2024 पासून पंतप्रधान सूर्यघर योजनेत 1 कोटी छतांवर सौर पॅनेल चढवायची आहेत. पोर्टलवर विक्रेता नोंदवलेला असतो. छतावर चढणारा पोरगा कोण, हे गिऱ्हाइकाला कळत नाही.

माझं मागणं फार नाही. घरातली ऊर्जेची कामं करणाऱ्यांसाठी बीईईच्या नावाचं प्रमाणपत्र सुरू करा, आणि परीक्षा हाताची घ्या. भिंतीवर एसी लावून दाखव, व्हॅक्युम मारून काटा दाखव, फ्लेअर करून साबण लाव, गॅस तोलून भर. चाळीस प्रश्नांवर टिक करायच्या परीक्षेत आमचा बारावी झालेला हेल्पर पहिला येईल आणि मी नापास होईन. तोंडी प्रश्न मराठीत विचारा, हिंदीतही. पाइप वाकवणारी निम्मी मुलं बाहेरच्या राज्यांतली आहेत. ज्यांचे केस या कामात पांढरे झाले त्यांना वर्गात तीन महिने बसवू नका, पोट चालायचं कसं? थेट परीक्षेला बसू द्या. तीन दिवस हजेरी, शेवटी टी-शर्ट आणि ग्रुप फोटो, असलं प्रमाणपत्र मात्र देऊ नका. तसली दोन माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत.

परवाना-राज करू नका, हेही हात जोडून सांगतो. नूतनीकरणासाठी खिडकीसमोर उभं राहून चहापाणी द्यायची सवय आम्हाला आहे, ती वाढवू नका. सक्ती लगेच नको. तारांकित एसीच्या हमीपत्रावर बसवणाऱ्याचा नंबर लिहायची एक रेघ ठेवा आणि तो नंबर कुणालाही मोबाइलवर तपासता येऊ द्या. त्याच नंबरवर तीनदा खरी तक्रार आली की कार्ड बंद. बाकी काकू बघून घेतील. बिल त्यांनाच भरायचंय.

काकूंकडे मी फ्लेअर पुन्हा केलं, युनिट डक्टमधून काढून पुढच्या भिंतीवर घेतलं, भगदाडाला प्लायवूड ठोकून सिलिकॉन भरलं. जूनमध्ये बिल 300 युनिटच्या आत आलं. मजुरी देताना त्यांनी विचारलं, "हे सगळं येणारा माणूस ओळखायचा कसा, भाऊ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पहिली परीक्षा अकोल्याच्या आयटीआयमध्ये ठेवा. पंप, गेज आणि वजनकाटा मी घेऊन येतो. पहिल्या तुकडीत माझंही नाव घाला.

आपला,
एक परवानाधारक वायरमन,
अकोला