भाव उतरण्याची वाट आणि मुलाला दिलेला शब्द

व्यापार्‍याच्या घरी खरेदीचा प्रश्न निघाला म्हणजे त्याची दोनच उत्तरे आपणांस ठाऊक असतात : भाव चढणार असेल तर आज घ्यावे, उतरणार असेल तर थांबावे. धान्य, तेल, कापड, सोने यांच्या बाबतीत हा हिशेब आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहो, आणि बहुधा तो चुकत नाही. परंतु अलीकडे हाच प्रश्न एका निराळ्या जिनसेविषयी घरातील तरुण मंडळी आपणांस विचारू लागली आहेत. निरनिराळे भाग निवडून जुळविलेला, खेळांसाठी उपयोगी पडणारा संगणक, ज्यास बाजारात ‘गेमिंग पीसी’ म्हणतात, तो आज असेंबल करावा की थांबावे? मुलगा म्हणतो, ‘आजच घेऊ या’. वडील म्हणतात, ‘भाव उतरू दे’. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघांचाही हिशेब अर्धाच मांडलेला असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम जिन्नस ओळखू या. हे यंत्र म्हणजे एक वस्तू नव्हे, सात-आठ वस्तूंचा संच होय : प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, वीज पुरविणारा एसएमपीएस, कॅबिनेट आणि मॉनिटर. चिक्कडपल्लीच्या मुलांना तो बाजार दूर नाही. ७ फेब्रुवारी २०२० रोजी जेबीएस ते एमजीबीएस हा मेट्रोचा मार्ग सुरू झाल्यापासून चिक्कडपल्ली स्थानकातून परेड ग्राउंडवर उतरून पार्क लेनच्या सीटीसीत, म्हणजे चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये, जाणे हे अर्ध्या दिवसाचेही काम राहिलेले नाही. मुले चार दुकानांतून कोटेशन आणतात, आणि वडील ते पाहून शेवटची बेरीज तेवढी वाचतात. येथेच पहिली चूक होते. संचाचा भाव एक नसतो. प्रत्येक भागाची तेजी-मंदी वेगळी असते.

सध्याच्या तेजीचे मूळ मुख्यतः रॅममध्ये आहे. जगातील बहुतेक सर्व रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवितात. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसमोर आले, आणि तेव्हापासून कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी प्रचंड संगणकगृहे उभारण्याची चढाओढ लागली. त्या यंत्रांस एचबीएम नावाची विशेष रॅम लागते. ती याच कारखान्यांत, याच सिलिकॉन-चकत्यांवर तयार होते. आणि तेवढ्याच क्षमतेच्या साध्या डीडीआर-५ रॅमच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन तिला लागते, असे मायक्रॉननेच सांगितलेले आहे. १ ऑक्टोबर २०२५ रोजी ओपनएआयने सॅमसंग व एसके हायनिक्स यांच्याशी केलेल्या प्राथमिक करारात महिन्याला ९ लाख चकत्यांपर्यंतच्या मागणीचा उल्लेख होता. एवढे मोठे घाऊक गिर्‍हाईक दारात उभे राहिल्यावर किरकोळ गिर्‍हाइकाची काय कथा! ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने ‘क्रुशिअल’ या नावाने चालणारा आपला २९ वर्षांचा किरकोळ व्यवहारच बंद करीत असल्याचे जाहीर केले. परिणामी २०२५ च्या उत्तरार्धात काही महिन्यांतच डीडीआर-५ रॅमचे भाव दुपटी-तिपटीवर गेले. एसएसडीमधील फ्लॅश याच तीन कंपन्या इतर काहींसह बनवितात, आणि ग्राफिक्स कार्डावरही रॅम बसविलेलीच असते. म्हणून या दोहोंनाही तेजीची झळ लागली. कॅबिनेट, एसएमपीएस यांस मात्र तशी झळ लागण्याचे कारण नाही.

ही तेजी कायमची काय? आजवरचा अनुभव तसे सांगत नाही. २१ सप्टेंबर १९९९ च्या तैवानमधील भूकंपानंतर रॅम महागली होती. २०११ मध्ये थायलंडमधील महापुराने हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि डिस्कचे भाव जवळजवळ दुप्पट झाले. सप्टेंबर २०१३ मध्ये चीनमधील वूशी येथे हायनिक्सच्या कारखान्यास आग लागली, तेव्हाही हेच घडले. २०१७-१८ मध्ये रॅम चढली आणि २०१९ मध्ये उतरली. २०२०-२२ मध्ये ग्राफिक्स कार्डे आभासी चलनाच्या खाणकामासाठी उचलली गेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ती पद्धत सोडली, तेव्हा तो गिर्‍हाईकवर्ग नाहीसा झाला. त्यानंतर २०२३ मध्ये रॅमची अशी मंदी आली की कारखानदारांनीच उत्पादन कमी केले. तेव्हा मंदी येतेच. परंतु भूकंप, पूर आणि आग यांनी आलेली तेजी दुरुस्ती होताच ओसरते. मागणीच्या पोटातून आलेली तेजी मात्र नवे कारखाने उभे राहीपर्यंत टिकण्याचा संभव असतो. मायक्रॉनच्या अमेरिकेतील आयडाहो येथील नव्या कारखान्यातून पहिल्या चकत्या २०२७ मध्ये निघावयाच्या आहेत. यावरून वाट पाहणार्‍याने किती काळाची तयारी ठेवावी, हे उघड आहे. दिवाळीपर्यंत थांबू आणि स्वस्तात घेऊ, असा हा सौदा नव्हे.

आता आपल्या हिशेबातील दुसरी चूक. दुकानात विक्रीसाठी भरलेला माल आणि घरात वापरण्यासाठी घेतलेले यंत्र यांत मोठा भेद आहे. विक्रीचा माल महाग घेतला तर तोटा वहीत दिसतो. वापराच्या वस्तूची वाट पाहिली तर जो काळ वापराविना गेला, त्याचा तोटा कोणत्याच वहीत दिसत नाही. पण तो होतोच. अठरा वर्षांच्या मुलाची दोन वर्षे आणि पन्नाशीच्या गृहस्थाची दोन वर्षे सारख्या वजनाची नसतात. म्हणून भावाच्या आधी गरज पाहावी, आणि गरज पाहता आपली घरे तीन प्रकारची आढळतील.

ज्या घरी चालता संगणक आहे आणि त्यावर मुलाचे खेळ थोड्या कमी झगमगाटात का होईना चालतात, त्यांनी थांबावे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच ठरविण्यात आली. एवढी एक गोष्ट मात्र तपासून पाहावी. ज्या घरी मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, चित्रसंयोजन यांसारखा अभ्यास करीत आहे आणि कामाचे यंत्रच नाही, त्यांनी भाव उतरण्याची वाट पाहू नये. मापात घ्यावे, पण घ्यावे. आणि ज्या घरी इंटरमीडिएटची अथवा प्रवेशपरीक्षा तोंडावर आहे, त्यांनी परीक्षा संपेपर्यंत यंत्र आणू नये. पण त्याचे कारण परीक्षा हे सांगावे. रॅमच्या भावावर ते ढकलू नये.

मापात घ्यावे म्हणजे कसे? ‘कोणता खेळ?’ हा पहिला प्रश्न मुलाला विचारावा. व्हॅलोरंटसारखे लोकप्रिय खेळ साध्या यंत्रावर उत्तम चालतात. प्रोसेसरमध्येच चित्रशक्ती असलेला रायझन ५ ८६००जी यासारखा भाग घेतल्यास प्रारंभी ग्राफिक्स कार्ड नसले तरी काम भागते. कार्ड पुढे सवडीने बसविता येते. पुष्कळ मुलांचे डोळे ‘जीटीए ६’ या खेळाकडे लागले आहेत. पण त्याची १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जेव्हा जाहीर झाली, तेव्हा ती केवळ कन्सोलसाठी होती, संगणकासाठी कोणतीही तारीख देण्यात आलेली नव्हती. तेव्हा त्या खेळासाठी घाईने यंत्र जुळविणे म्हणजे वरात यायच्या आधी पंगत वाढण्यासारखे आहे.

दुसरे असे की पाया पक्का घ्यावा आणि मजले नंतर चढवावेत. एएमडीचा एएम-५ हा मदरबोर्डाचा साचा सप्टेंबर २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत व पुढेही तो चालविण्याचे कंपनीने सांगितले आहे. अशा बोर्डावर पुढे नवा प्रोसेसर बसविता येतो. रॅमच्या जागा रिकाम्या ठेवून तूर्त १६ जीबीची एकच पट्टी घ्यावी. वेग थोडा कमी मिळेल, पण मंदी आल्यावर दुसरी पट्टी बसविता येईल. जुन्या यंत्रातील एसएसडी, कॅबिनेट, मॉनिटर चालत असल्यास टाकून देऊ नयेत. जुनी डीडीआर-४ रॅम चांगली असेल तर एएम-४ चा बोर्ड घेऊन तिचाच उपयोग करणे हाही शहाणपणाचा मार्ग आहे. कार्ड घ्यावयाचेच तर आरटीएक्स ५०६० टीआय किंवा आरएक्स ९०६० एक्सटी यांच्या ८ व १६ जीबी अशा दोन्ही जाती आहेत. झेपत असल्यास १६ ची घ्यावी, कारण खेळांची भूक दरवर्षी वाढत आहे. एसएमपीएसमध्ये मात्र काटकसर करू नये. हैदराबादच्या वैशाखातला उन्हाळा आणि आपल्या रस्त्यांवरची धूळ ध्यानात घेऊन कॅबिनेट हवेशीर असावे व महिन्यातून एकदा पुसले जावे.

एक गोष्ट स्पष्ट लिहिणे अवश्य आहे. मुलाच्या खेळण्याचे यंत्र पेढीच्या नावे घेऊन त्यावरील १८ टक्के जीएसटीचे क्रेडिट काढावे आणि वर घसाराही लावावा, असा सल्ला देणारे लोक भेटतात. २०१७ च्या सीजीएसटी कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे वैयक्तिक वापराच्या मालावर असे क्रेडिट मिळत नाही. पेढीच्या वहीत खोटी नोंद करून घेतलेले यंत्र मुलाला सर्वप्रथम कोणता खेळ शिकवील, याचा विचार प्रत्येकाने करावा.

खेळ म्हणजेच व्यसन, असे म्हणणारी वडील मंडळीही आपल्यात आहेत. त्यांच्या भीतीचा उपहास करणे योग्य नाही; पण भेद करणे जरूर आहे. पैसा लावून खेळणे हे द्यूत होय, आणि सप्तव्यसनांत त्याचे नाव पहिले आहे. तेलंगणाने असे ऑनलाइन खेळ २०१७ मध्येच बंद केले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या कायद्याने ते देशभर निषिद्ध ठरले. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या एशियाई स्पर्धेत त्यास पदकेही होती. घरातील यंत्रावर कौशल्याचा खेळ चालतो की पैशाचा, हे पाहण्याची जबाबदारी वडिलांची आहे. संगणक दिवाणखान्यात ठेवला म्हणजे ती निम्मी पार पडते.

आता मुख्य मुद्दा. पुष्कळ घरी ‘थांबू या’ याचा खरा अर्थ ‘नको’ असा असतो. वडिलांच्या मनात खरेदी करावयाचीच नसते, पण नकार देण्याचा अवघडपणा नको म्हणून बाजारभाव पुढे केला जातो. मुलगा सहा महिन्यांनी पुन्हा विचारतो, तेव्हा आणखी एखादे कारण मिळते; नवे कार्ड येणार असल्याची वार्ता तर बाजारात बारमाही असतेच. मुलांना हे कळत नाही असे समजू नये. आपल्या अशोकनगरच्या सेंट्रल लायब्ररीत नोकरीच्या जाहिरातींची वाट पाहत अभ्यास करणारे शेकडो तरुण आपण जाता-येता पाहतो. मुदत नसलेली वाट माणसाला किती झिजविते, हे या वस्तीला सांगावयास नको. बाजारात आपला शब्द हीच आपली पत असते. गिर्‍हाइकास ‘माल अमुक दिवशी देतो’ म्हणून सांगितले की आपण तो देतो. मग घरातच आपला शब्द असा मोघम का असावा?

म्हणून माझे मत थोडक्यात असे. नको असेल तर ‘नको’ म्हणावे आणि कारण सांगावे. ते ऐकून घेण्याइतकी मुले शहाणी असतात. थांबावयाचे असेल तर तीन गोष्टी वहीत लिहाव्यात : किती रक्कम मंजूर, कोणत्या तारखेपर्यंत थांबावयाचे, आणि त्या दिवशी भाव उतरला नसल्यास काय घ्यावयाचे. दरमहा तेवढ्यासाठी रक्कम बाजूला टाकावी. मुलाने सुट्टीत पेढीवर काम केले तर त्याचा मोबदला त्यातच जमा करावा. भावाची चौकशी मात्र मुलाकडेच सोपवावी. दर रविवारी चार भागांचे भाव टिपून ठेवणारा मुलगा तेजी-मंदी अशी शिकेल की गादीवर बसवून शिकविण्याचे कामच उरणार नाही. आणि ठरलेली तारीख आली की बाजार कसाही असो, ठरलेल्या रकमेत बसेल तेवढे घ्यावे. रॅमचा भाव आज ना उद्या उतरेल. वडिलांच्या शब्दाचा भाव एकदा उतरला म्हणजे तो पुन्हा चढविणे फार कठीण असते.