बातम्यांमधला '३१५ बोअर' नेमका आला कुठून?

फीड स्क्रोल करताना हा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. टेबलावर पांढरं कापड, त्यावर गावठी कट्टा, शेजारी दोन-चार काडतुसं आणि मागे रांगेत उभे पोलीस. खाली कॅप्शन असतं, 'एक कट्टा, ३१५ बोअर, दोन जिवंत काडतुसं जप्त.' उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातल्या बातम्यांत हा आकडा इतक्यांदा येतो की आपण तो वाचून पुढे सरकतो.

पण ३१५च का? आणि या काडतुसाच्या बुडावर अनेकदा इंग्रजीत 'केएफ' आणि '८ एमएम' अशी अक्षरं असतात, ती कशाची?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या पुण्यात आहे. केएफ म्हणजे खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी, स्थापना १८६९. म्हणजे कट्टा गावठी असतो, पण त्यात सापडणारं काडतूस बऱ्याचदा अस्सल सरकारी कारखान्यातलं असतं. पहिल्या प्रश्नासाठी मात्र इंग्रजांच्या काळात जावं लागतं. कारण ३१५ ही मुळात शिकारीची रायफल, आणि तिचं काडतूस बदललं गेलं ते एका बंदीमुळे.

बंदी बंदुकीवर नव्हती, गोळीवर होती

ब्रिटिशांना एका गोष्टीची कायम धास्ती होती, फौजेची काडतुसं बंडखोरांच्या हाती लागण्याची. बंदूक चोरीला गेली तरी गोळ्या संपल्या की ती काठीच. त्यामुळे फौजेत जे काडतूस चालतं, ते बसेल अशी रायफल खासगी माणसाकडे नको, असा साधा हिशोब होता.

१९०७च्या सुमारास सरकारने .४५० बोअरच्या रायफली भारतात आणायला मनाई केली. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचा बोअरही तोच होता. झालं काय, तर लंडनच्या बंदूकवाल्यांचं मोठं गिऱ्हाईक, म्हणजे भारतात वाघ-हत्ती मारणारे साहेब आणि संस्थानिक, अडचणीत आले. मग बंदूकवाल्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी शेजारच्या आकड्यांची काडतुसं बाजारात आणली. शिकारीची ताकद जवळपास तीच, फक्त आकडा वेगळा.

हीच गोष्ट .३०३ची. ही फौजेची नेहमीची रायफल, मजबूत आणि भरवशाची. शिकाऱ्यांना ती हवी होती, पण काडतूस फौजेचं असल्यामुळे खासगी हातात चालत नव्हती. मग तोडगा निघाला. रायफलीची यंत्रणा तीच ली-एनफिल्ड घराण्यातली ठेवायची, पण काडतूस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेतलं आठ मिलिमीटरचं घ्यायचं, जे भारतातल्या कुठल्याही पलटणीत वापरात नव्हतं. आठ मिलिमीटर म्हणजे इंचात .३१५. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने अशा रायफली भारतासाठी बनवल्या. पुढे कोलकात्याजवळच्या इशापूर रायफल फॅक्टरीने .३१५ स्पोर्टिंग रायफल बनवली आणि परवानाधारकांना तीच मिळत राहिली.

आता थोडं गणित. .३०३ म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर, .३१५ म्हणजे ८. फरक ०.३ मिलिमीटर. या फरकाच्या एका बाजूला लष्करी, 'प्रतिबंधित' हत्यार, दुसऱ्या बाजूला परवान्यावर मिळणारं. समोरच्या जनावराला किंवा माणसाला या फरकाने काहीही फरक पडत नाही! कायद्याने हत्यार किती घातक आहे हे पाहिलंच नाही, त्याने पाहिलं की गोळ्या कुठून मिळतील.

काडतूस बदलणं म्हणजे पेन ड्राइव्ह बदलणं नव्हे

यूट्यूबवर परदेशी व्हिडिओ पाहून अनेकांना वाटतं की रायफलचं काडतूस बदलणं हे जरा हौशी मेकॅनिकचं काम असावं. तसं नाही. काडतूस जिथे बसतं ते चेंबर, गोळी जिथून जाते ती नळी आणि मागून स्फोटाचा दाब झेलणारा बोल्ट, हे तिन्ही एका ठरावीक काडतुसासाठी बनवलेले असतात. नवीन काडतूस जास्त दाबाचं असेल आणि पोलाद तो झेलणारं नसेल, तर रायफल चालवणाऱ्याच्या तोंडावर फुटू शकते.

याचं उत्तम उदाहरण इशापूरचंच. १९६२च्या चीन युद्धानंतर तिथे जुन्या ली-एनफिल्डच्या धर्तीवर ७.६२ मिलिमीटरच्या नाटो काडतुसाची रायफल बनवली गेली. दिसायला जुनीच, पण नवीन काडतुसाचा दाब जास्त म्हणून तिच्यासाठी जास्त मजबूत पोलाद वापरलं गेलं. सरकारी कारखान्याला जिथे धातूपासून विचार करावा लागला, तिथे गल्लीतल्या लेथवर काय होईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

(कोकणातल्या शेतकऱ्यांना हा प्रश्नच पडत नाही. पीक संरक्षणाच्या परवान्यावर माकडं-डुकरं हाकायला जी ठासणीची बंदूक असते, तिला काडतूसच लागत नाही.)

मग आजोबांच्या रायफलीचं काय?

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकार जवळपास बंद झाली, रायफली मात्र घराघरांत राहिल्या. जुन्या इंग्रजी बनावटीच्या, वारसाहक्काने परवान्यावर चढलेल्या. त्यांची काडतुसं मिळणं मुश्कील, मिळाली तर महाग. साहजिकच मनात येतं, ही .३१५ करून घेतली तर? खडकीच्या गोळ्या तरी मिळतील.

इथे सांभाळा. शस्त्र कायदा १९५९च्या कलम ५ नुसार बंदुकीत असा बदल करण्याचं काम परवाना असलेल्या माणसालाच करता येतं. त्यात डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीने कलम ६ आणखी कडक केलं. आधी नळी कापून आखूड करायला किंवा नकली बंदूक खरी करायला मनाई होती. आता शस्त्र नियम २०१६ मधल्या एका प्रवर्गातलं हत्यार दुसऱ्या प्रवर्गात बदलणंही त्यात आलं. शिक्षा किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. याच दुरुस्तीने एका परवान्यावरच्या हत्यारांची मर्यादा ३ वरून २ वर आणली, आणि त्या वेळी सगळी चर्चा या आकड्याभोवतीच झाली. कलम ६ वर फारसं कुणी बोललं नाही.

दोन्ही बोअर एकाच प्रवर्गातले असले तरी गोष्ट सोपी होत नाही. परवान्यावर हत्याराचा नंबर आणि बोअर लिहिलेला असतो. रायफलीचा बोअर बदलला की कागदावरचं हत्यार आणि कपाटातलं हत्यार एक राहत नाही. त्यामुळे बंदूकवाल्याच्या दुकानात जाण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयात जायचं, जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त, आणि लेखी परवानगी मागायची.

आता पुन्हा त्या टेबलावरच्या फोटोकडे या. कट्टा बनवणारा .३१५ निवडतो, कारण .३०३ची गोळी फौजेच्या आणि पोलिसांच्या कोठारात असते, .३१५ची गोळी परवानाधारकाला दुकानात मिळते आणि तिथून कुठेतरी गळते. फौजेची काडतुसं बंडखोरांना मिळू नयेत म्हणून नागरिकांसाठी वेगळा बोअर रूढ झाला, आणि शंभरेक वर्षांनी गुन्हेगारांनी नेमका तोच उचलला. २०१९च्या दुरुस्तीने हत्यारात बदल करणाऱ्याची शिक्षा वाढवली. पण जप्त झालेल्या त्या दोन जिवंत काडतुसांच्या बुडावर 'केएफ' असेल, तर ती कोणत्या दुकानातून, कोणाच्या परवान्यावर बाहेर पडली, हे पत्रकार परिषदेत सहसा कुणी विचारत नाही.