पाचशे माणसांची अट

खेड्याला पक्का रस्ता द्यावा की देऊ नये, हे तेथील डोकी मोजून ठरविण्याची रीत आपल्या नियोजनकारांनी फार पूर्वीच पाडून ठेवली आहे. पाचव्या पंचवार्षिक योजनेतील किमान गरजा कार्यक्रमाने १५०० लोकवस्तीच्या गावांपर्यंत बारमाही रस्ता नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने ही अट सपाट प्रदेशात ५०० वर आणि डोंगराळ, आदिवासी व वाळवंटी भागांत २५० वर आणली. आकडा उतरला, हे मान्य केले पाहिजे. तत्त्व मात्र तेच राहिले: माणसे थोडी, तर त्यांचा हक्कही थोडा.

बरे, ही माणसे मोजली जातात तरी केव्हा? २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. या संपूर्ण काळात जो घरी नसेल त्याची नोंद त्याच्या गावात होत नाही. तो जेथे सापडेल तेथे होते. नोकरदारांच्या वस्तीत या नियमाने काही बिघडत नाही. पण बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल अंगावर घेऊन गाव सोडतात, ते मार्च-एप्रिलात परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणजे घरातील दोन्ही कर्ती माणसे बाहेर. मागे उरतात म्हातारी माणसे, काही मुले आणि दारांना लावलेली कुलपे. फडाजवळच्या कोपीत प्रगणक पोहोचलाच, तर या मजुरांची संख्या साखर कारखान्याच्या सधन, बागायती तालुक्याच्या खात्यावर चढते. म्हणजे श्रम तर गेलेच, डोईमागे मिळणारा रस्ताही ज्याला तो आधीच आहे त्याच्या पदरात पडला! सहाशेची वाडी कागदावर चारशेची होते आणि पाचशेच्या अटीत नापास ठरते.

रस्त्याने ऊसतोड थांबेल असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मूळ दुखणे कोरडवाहू जमिनीचे व पाण्याचे आहे. परंतु पावसाळ्यात ज्या वाडीतून दूध वेळेवर संकलन केंद्रावर जात नाही आणि बाळंतिणीला बाजेवरून न्यावे लागते, तेथून माणसे उठतात. ती उठली की लोकसंख्या अपुरी म्हणून रस्ता नाकारला जातो.

जे रस्त्याचे तेच एस.टी.चे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली आणि पुढे ‘गाव तेथे एस.टी.’ हे ब्रीद घराघरात पोहोचले. आज आडमार्गाच्या फेरीचे भवितव्य भारमानावर तोलले जाते. ग्रामीण विद्यार्थिनींना मोफत पास आहे, मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. पण जेथे गाडीच येत नाही तेथे या सवलती कोणी वापरायच्या? तेथील मुलगी खचाखच भरलेल्या वडापच्या जीपला पूर्ण भाडे मोजते किंवा शाळा सोडते.

भारमानाची ही कसोटी सर्वांना सारखी लावली असती तर निदान न्यायाचा आभास तरी राहिला असता. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. तेथे रस्ता आधी बांधायचा, वाहतूक मागाहून वाढेल, असा हिशेब मांडला गेला. मालमोटारींच्या बाबतीत शासन भविष्यावर भरवसा ठेवते. वाडीकडून मात्र आगाऊ हजेरी मागते.

ग्राम सडक योजनेचा चौथा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला, तोही २०११ च्याच आकड्यांवर. पुढील जनगणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ आहे. म्हणजे प्रगणक दारात येईल तेव्हा पुन्हा ऊस तोडणीवरच असेल. तेव्हा कार्यकर्त्यांनी दिवाळीपूर्वीच्या ग्रामसभेत गाव सोडणाऱ्या प्रत्येक माणसाची वाडीवार यादी ठरावासह नोंदवून घ्यावी. रस्ता आणि फेरी या यादीवर ठरवा, फेब्रुवारीतल्या शिरगणतीवर नव्हे, ही मागणी घेऊन तहसील कचेरीवर जाण्यास तोडणीला निघण्यापूर्वीचे चार आठवडे पुरेसे आहेत.