मृगयेचें घर आणि राजाची बाग

राजांच्या मृगयेच्या कथा आपल्या घरांतील लहान मुलांसहि पाठ असतात. शरयूच्या तीरीं अंधारांत शब्दवेधी बाण सोडणारा दशरथ, मृगरूप धारण केलेल्या ऋषीस मारून शाप ओढवून घेणारा पांडु, शिकारीनें थकून व तहानेनें व्याकुळ होऊन मौनस्थ मुनीच्या गळ्यांत मेलेला साप अडकविणारा परीक्षित, ह्या तिघांच्याहि आयुष्याला मृगयेंतच वळण लागलें. मनूनें कामापासून उत्पन्न होणाऱ्या दहा व्यसनांत मृगयेला पहिलें स्थान दिलें आहे. कौटिल्य त्या मानानें सौम्य. शिकारीनें व्यायाम घडतो व मेद झडतो, असें तो मान्य करितो. इतकेंच नव्हे, तर राजाच्या विहारासाठीं एक मृगवन असावें, त्यास एकच द्वार व भोंवतीं खंदक असावा, आंत गोड फळांचीं झाडें व उथळ जलाशय असावा, असें तो सांगतो.

फ्रान्स देशांतील व्हर्साय येथें जाणाऱ्या प्रवाशास कौटिल्याच्या ह्या मृगवनाची आठवण झाल्याखेरीज राहत नाहीं. व्हर्साय म्हटलें म्हणजे आरसेमहाल, झुंबरें आणि १९१९ चा तह एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. परंतु हा जगद्विख्यात राजवाडा मुळांत शिकारीचा एक लहानसा बंगला होता, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. तेराव्या लुईनें १६२३ सालीं तो बांधविला. पॅरिसच्या नैर्ऋत्येस वीस किलोमीटरांच्या आंत, दलदल व रान ह्यांच्या मधोमध, शिकार लांबली तर रात्र काढण्यापुरती ही जागा होती. साध्या सरदारालासुद्धां अशा घराचा अभिमान वाटणार नाहीं, अशी त्या काळच्या एका दरबाऱ्यानें तिची थट्टा केली होती. १६३१ पासून तीन वर्षांत राजानें तें घर वीट, दगड व पाटीच्या दगडाचें छप्पर वापरून पुन्हां बांधविलें.

त्याचा पुत्र चौदावा लुई ह्यानें राज्यवैभवाच्या कल्पना अफाट वाढविल्या, तरी बापाचें घर पाडूं दिलें नाहीं. नव्या दगडी इमारती त्याच्या भोंवतीं उठल्या. आजहि मुख्य फाटकांतून आंत गेल्यावर चौकामागून चौक अरुंद होत जातात आणि शेवटीं संगमरवरी चौकांत लाल विटांच्या ज्या भिंती दिसतात, तेंच तें जुनें शिकारघर. आपल्याकडे वाडा वाढत गेला तरी देवघर जुन्या जागींच ठेवतात, तसेंच कांहींसें हें आहे.

राजवाड्याच्या मागील गच्चीवर उभें राहिलें म्हणजे बागेचें खरें स्वरूप कळतें. आंद्रे ल नोत्र ह्या बागरचनाकारानें १६६१ पासून तिचें काम हातीं घेतलें. पूर्वपश्चिम रेषेवर पायऱ्या, लातोनादेवीचें कारंजें, हिरवळीचा पट्टा, पाण्यांतून वर येणारा अपोलोचा रथ आणि त्यापलीकडे सुमारे पावणेदोन किलोमीटर लांबीचा कालवा, असें सर्व एका दृष्टिक्षेपांत सांपडतें. अपोलो हा ग्रीकांचा सूर्यदेव, आणि लुई स्वतःस सूर्यराजा म्हणवीत असे. तेव्हां बागेंतील दैवत कोण, हें वेगळें सांगावयास नको. झाडें ओळीनें कातरलेलीं, वाटा सरळ, वळणें मोजलेलीं. आपल्या काव्यांतील उद्यानांत वेली मन मानेल तशा आम्रवृक्षास बिलगतात. येथें एका पानासहि राजाज्ञेबाहेर वाढण्याची मुभा नाहीं.

ह्या बागेचें सर्वांत मोठें दुखणें पाणी. टेकाडावर बाग, आणि जवळ मोठी नदी नाहीं. म्हणून सीन नदीवर मार्ली येथें १६८४ पर्यंत एक प्रचंड यंत्र उभारलें गेलें. चौदा चाकें व दोनशेंहून अधिक पंप मिळून तें पाणी दीडशें मीटरांहून अधिक उंच चढवीत. तरी सर्व कारंजीं एकदम चालविण्यास तें अपुरेंच पडे. मग युक्ति अशी कीं, राजा ज्या वाटेनें येई तेथील माणसानें शिटी वाजवावी, पुढच्यानें कळ फिरवावी, आणि राजा पुढें गेल्यावर मागचें कारंजें बंद करावें. राजाच्या दृष्टीस बागेंत अखंड पाणी. त्याच्या पाठीमागें मात्र सारें कोरडें! पुढें १६८५ सालीं दूरच्या यूर नदीचें पाणी आणण्यासाठीं हजारों शिपाई खणतीस लाविले. तापानें त्यांतील पुष्कळ मेले, आणि १६८८ सालीं युद्ध उपस्थित झाल्यामुळें काम बंद पडलें. मँतनों गांवीं त्या अर्धवट पाटाच्या दगडी कमानी अद्यापि उभ्या आहेत.

गृहिणींनीं मात्र कारंजांपेक्षां राजाची भाजीची बाग आधीं पाहावी, असें आम्ही सुचवूं. राजवाड्यापासून ती थोड्याच अंतरावर आहे. ‘घाणेरडें तळें’ अशा नांवाच्या डबक्याची जागा भरून काढून ला कँतिनी ह्या माणसानें १६७८ ते १६८३ ह्या काळांत ती तयार केली. मूळचा तो वकील. पुढें वनस्पतींच्या नादीं लागला. भिंतींच्या आडोशानें थंडी अडवून आणि खताच्या उबेनें जमीन तापवून तो राजास हंगामाच्या कितीतरी आधीं भाजी व फळें पुरवी. राजाला अंजीर फार प्रिय. तेथें आजहि फळझाडें भिंतीशीं पसरून बांधलेलीं दिसतात आणि भाजी पिकते.

आतां मूळ शिकारीकडे वळूं. राजाच्या रानास सुमारे ४३ किलोमीटर लांबीची भिंत होती आणि तिच्या आंत कित्येक गांवेंहि आलीं होतीं. कौटिल्याच्या मृगवनांत खंदकाच्या आंत केवळ प्राणी. येथें मात्र माणसेंहि. राजाचीं हरणें व ससे शेतांत शिरून पीक खात, पण शेतकऱ्यानें त्यांस मारणें हा गुन्हा. राखीव शिकारक्षेत्रांत तित्तिरांचीं घरटीं मोडूं नयेत म्हणून गवत केव्हां कापावें ह्यावरहि निर्बंध. १७८९ च्या आरंभीं गांवोगांवच्या लोकांनीं राजाकडे गाऱ्हाणीं लिहून पाठविलीं, त्यांत शिकारीच्या जुलमाचें गाऱ्हाणें पुनःपुन्हां येतें.

त्या वेळीं गादीवर सोळावा लुई होता. ह्याच राजाचा वकील म्हणवून सेंट ल्युबिन १७७७ सालीं पुण्यास नाना फडणिसांकडे आला होता. लुई स्वभावानें दुष्ट नव्हता, परंतु शिकारीचा नाद जबर. त्याची रोजनिशी म्हणजे बव्हंशीं शिकारीचाच जमाखर्च. १४ जुलै १७८९ रोजीं पॅरिसमध्यें बास्तीयचा तुरुंग लोकांनीं घेतला. त्या तारखेपुढें राजाच्या हातची नोंद आहे ती ‘कांहीं नाहीं’ ह्या अर्थाच्या एका शब्दाची. त्यास हंसणारे पुष्कळ आहेत. वास्तविक त्या दिवशीं शिकार मिळाली नाहीं एवढाच तिचा अर्थ. पण दिवसाचा हिशेब मारलेल्या जनावरांवरून करण्याची संवय राजाला लागावी, ह्यांतच सारें आलें. ४ ऑगस्टच्या रात्रीं राष्ट्रसभेनें शिकारीचा खास हक्क रद्द केला. ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या हजारों स्त्रिया भाकरी मागत पावसांतून व्हर्सायकडे निघाल्या, तेव्हांहि राजा म्यूदोंच्या रानांत शिकारच करीत होता. निरोप्यानें त्यास तेथून परत बोलाविलें. दुसऱ्या दिवशीं राजकुटुंब पॅरिसला गेलें, तें पुन्हां ह्या घरीं आलें नाहीं.

राजवाडा १८३७ पासून संग्रहालय आहे. सोमवारीं तो बंद असतो, आणि कारंजीं उन्हाळ्यांत ठराविक दिवशींच चालतात, हें ध्यानांत ठेवून जावें. बागेंत आज कोणीहि हिंडावें. कालव्यांत होडी वल्हवावी. जेथें प्रजेला ससा मारण्याची बंदी होती तेथें आतां मुलें सायकली पिटाळतात.

दशरथाला अंधारांत घडा बुडाल्याचा आवाज हत्तीचा वाटला. त्याचा अपराध क्षणाचा होता, आणि कोणाचा आवाज होता हें कळतांच तो धांवत गेला. लुईच्या घराण्याच्या कानांवर शेतकऱ्याचा आवाज शंभराहून अधिक वर्षें पडत होता. भिंतीमुळें तो ओळखूं आला नाहीं. शास्त्रकारांनीं मृगयेस व्यसन कां म्हटलें, हें मुलांस समजावून सांगतांना दशरथाच्या कथेशेजारीं ही कथाहि अवश्य सांगावी.